थ्रेड : दोन वर्षे न नासणारी बाळाची बरणी

१/
बाळांसाठीच्या गाजराच्या लगद्याची काचेची बरणी हाती घेऊन तिच्यावरील घटकांची यादी वाचली, तर पुष्कळदा दोनच शब्द आढळतात : गाजर आणि पाणी. शेजारी छापलेली वापराची मुदत मात्र वर्ष-दीड वर्षानंतरची, क्वचित दोन वर्षांनंतरची असते. घरी उकडून कुस्करलेले गाजर दुसऱ्या दिवशी आंबते. मग हे कसे टिकते? सुशिक्षित मनुष्यदेखील येथे एकाच निष्कर्षाप्रत येतो : ‘यादीत काहीतरी लपवले आहे. नक्कीच औषध मारले असणार.’

२/
माझे मत आरंभीच सांगतो. बरणीतील अन्न टिकते यात कपट नाही. बर्फघरे आणि शीतकपाटे येण्यापूर्वी मानवाने ओले अन्न टिकवण्याच्या जितक्या रीती शोधल्या, त्यांत अन्नामध्ये मागे काहीही न ठेवणारी हीच एक रीत होती. या उद्योगाच्या हातून पापे घडली आहेत, आणि ती गंभीर आहेत. परंतु ती निराळ्या ठिकाणी आहेत. टिकवण्यासाठी जे घालण्याची गरज नव्हती, ते विकण्यासाठी घातले गेले. आपला संशय योग्य जागी वळावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

३/
आधी आपल्या माजघरात डोकावू. लोणचे मिठावर आणि तेलावर टिकते, मुरांबा पाकावर, सांडगे-कुरडया उन्हावर, आमसूल आंबटपणा आणि वाळवण या दोहोंवर. सूक्ष्मजीवांना लागणारे पाणी काढून घ्यायचे, किंवा ते मीठ-साखरेने बांधून टाकायचे, किंवा आम्लाने त्यांचा परिसर असह्य करायचा, हेच या सर्वांमागचे तत्त्व. यात सूक्ष्मजीव मरतोच असे नाही. बहुतेक वेळा त्याची केवळ उपासमार होते. (ही गोष्ट ध्यानात असू द्या, थ्रेडच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.)

आणि प्रत्येक रीत अन्नात आपली खूण ठेवते. सहा-सात महिन्यांच्या बाळाला ना लोणचे चालत, ना मुरांबा. त्याच्या मूत्रपिंडांना जादा मीठ पेलत नाही. नाचणीचे सत्त्व हे आपल्या आज्यांनी वाळवणीतून काढलेले उत्तम उत्तर होते; पण भाजीच्या किंवा फळाच्या ओल्या लगद्याला जुन्या साठवणविद्येत उत्तर नव्हते.

४/
ते उत्तर एका हलवायाने शोधले. निकोला आपेर, जन्म १७४९, फ्रान्समधील शालाँ येथला. पॅरिसमध्ये त्याचे मिठाईचे दुकान होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, त्याने कारावासही भोगला. पुढे पॅरिसच्या दक्षिणेस मासी या गावी त्याने कारखाना काढला. शँपेनच्या जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरायचे, बुचे घट्ट ठोकून तारेने बांधायची, लुकणाने फटी बुजवायच्या, आणि मग बंद बाटल्या कढईतील पाण्यात उकळत ठेवायच्या. या रीतीचे मर्म क्रमात आहे. आधी बंद करायचे, नंतर तापवायचे. आधी शिजवून मग बाटलीत भरले, तर भरताना हवेतून, पळीवरून, हातावरून पुन्हा शिरकाव होतो.

५/
येथे एक लोकप्रिय कथा बाजूला सारली पाहिजे. ‘नेपोलियनने सैन्यासाठी १२,००० फ्रँकचे बक्षीस लावले आणि आपेरने ते जिंकले’ असे सर्रास लिहिले जाते. पैसे मिळाले हे खरे, आकडाही खरा; पण चित्र निराळे आहे. आपेरचा उद्योग तोवर काही वर्षे चालू होता आणि फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या समुद्रावर नेऊन पारखल्या होत्या. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले ते एका अटीवर : रीत छापून सर्वांना खुली करायची. आपेरने पुस्तक लिहिले. पेटंट घेऊन रीत मुठीत ठेवण्याऐवजी ती जगाला दिली, आणि १८४१ साली तो विपन्नावस्थेत वारला.

माझ्या दृष्टीने ती अट त्या रकमेहून मोलाची होती. बाळाच्या बरणीच्या इतिहासात जेव्हा जेव्हा ज्ञान उघड झाले, तेव्हा बरणी सुरक्षित झाली. हे पुढे आणखी दोनदा दिसेल.

६/
गंमत अशी, की आपली रीत का चालते हे आपेरला ठाऊक नव्हते. थोर रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने त्याच्या बाटल्यांतील हवा तपासली, तीत प्राणवायू नाही असे पाहिले, आणि नासण्याचे कारण हवाच आहे असा निर्वाळा दिला. हे मत जवळजवळ अर्धशतक टिकले. १८६० च्या दशकात लुई पाश्चरने सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले, तेव्हा खरे कारण उजेडात आले. म्हणजे पन्नास वर्षे लोक बरोबर कृती चुकीच्या समजुतीने करीत होते. समजूत चुकीची असली की कृती केव्हातरी दगा देतेच. तो दगा इंग्लंडमध्ये बसला.

७/
१८१० सालीच पीटर ड्युरँड याने लंडनमध्ये पेटंट घेतले. त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यांचाही उल्लेख होता. १८१३ च्या सुमारास ब्रायन डाँकिन आणि जॉन हॉल यांनी बर्मंडसी येथे अशा डब्यांचा कारखाना चालवला. ब्रिटिश आरमार मोठे गिऱ्हाईक बनले. पुढे स्टीफन गोल्डनर या कंत्राटदाराने स्वस्तात आणि भरपूर मांस पुरवण्याचे कंत्राट मिळवले, आणि खर्च वाचावा म्हणून डबे मोठे मोठे होत गेले. १८५२ च्या जानेवारीत गॉसपोर्टच्या आरमारी कोठारात तपासणीसाठी डबे उघडू लागले. बहुसंख्य डबे सडलेले निघाले. दुर्गंधी इतकी की तपासणारे हैराण झाले. वर्तमानपत्रांत गहजब झाला आणि संसदेपर्यंत प्रश्न गेला.

८/
गोल्डनरच्या डब्यांत निकृष्ट माल होता की काय, हा वाद त्या वेळी रंगला. परंतु भौतिकशास्त्र साधे आहे. उष्णता बाहेरून आत जाते. डबा जितका जाड, तितका त्याचा मध्य तापायला वेळ लागतो. आणि आतील पदार्थ घट्ट असेल तर तो ढवळला जात नाही, उष्णता कणाकणाने सरकते. पातळ सारात उष्णता फिरते. पिठल्यात ती रुतून बसते. भाज्यांचा लगदा हा या बाबतीत पिठल्याचा सख्खा भाऊ. बाळाची बरणी मुठीएवढी का असते, याचे एक कारण बाळाची भूक आणि दुसरे हे.

९/
उकळत्या पाण्याची आणखी एक मर्यादा होती. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कारखानदारांनी १८६० च्या दशकात पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून उत्कलनबिंदू वर नेला. १८७४ साली त्याच शहरातील ए. के. श्रायव्हर याने दाबाखाली वाफ कोंडणाऱ्या मोठ्या पात्राचे पेटंट घेतले. उद्योगात त्याला रिटॉर्ट म्हणतात. ज्यांना हे अवघड वाटेल, त्यांनी स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरकडे पाहावे; शिट्टीच्या दाबाखाली त्यात साधारण १२० अंश तापमान होते. दोघांचा मूळपुरुषही एकच : १६७९ साली दनी पापँ याने लंडनमध्ये दाखवलेले हाडे शिजवणारे भांडे.

१०/
साधन आले, पण किती अंश आणि किती मिनिटे, हे अजून अंदाजपंचे चालले होते. १८९५ साली बॉस्टनच्या एका जुन्या डबाबंद अन्नाच्या घराण्यातील विल्यम लायमन अंडरवुड हा नासलेल्या डब्यांची तक्रार घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दारी गेला. डब्यांत होते शिंपल्यांचे मांस; आपल्या कोकणातील तिसऱ्यांच्या जातकुळीतले. तेथील तरुण अध्यापक सॅम्युअल केट प्रेस्कॉट याच्याबरोबर त्याने काही वर्षे काम केले. उकळत्या पाण्यात तासन् तास ठेवूनही काही जीवाणू जिवंत राहतात, आणि दाबाखालील वाफेत ते थोड्या मिनिटांत मरतात, हे दोघांनी दाखवले आणि छापून मोकळे केले. धंद्याचे गुपित म्हणून तिजोरीत ठेवले असते, तर अंडरवुडला कोणी दोष दिला नसता.

११/
उकळूनही न मरणारे ते काय होते? बीजाणू. काही जीवाणू परिस्थिती बिकट झाली की स्वतःभोवती टणक कवच घेऊन निद्रिस्त होतात. मातीत, धुळीत, गाजराच्या सालीवर ते असतातच. त्यांपैकी सर्वांत भयंकर म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल या खेड्यात अंत्यविधीस आलेल्या वाजंत्रीमंडळाने खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेक जण आजारी पडले, डोळ्यांपुढे दुहेरी दिसू लागले, गिळता येईना, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून हा जीवाणू शोधून काढला आणि १८९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हा जीवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आपेरच्या बाटलीने हवा बाहेर ठेवली. म्हणजे अपुरी तापवलेली बंद बाटली हे या जीवाणूचे आवडते घरच झाले. गे-ल्युसाकची चूक किती जिवावरची ठरू शकत होती, हे यावरून कळेल.

१२/
ती जिवावर उठलीही. १९१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात कॅन्टन येथील एका क्लबात मेजवानी झाली आणि पाहुण्यांसह वाढप्यांपैकीही काही मरण पावले. मेजवानीत कॅलिफोर्नियाहून आलेली काळी ऑलिव्ह फळे होती, काचेच्या बरण्यांतली. पाठोपाठ डेट्रॉइट, मेम्फिस, न्यूयॉर्क येथूनही मृत्यूंच्या वार्ता आल्या. विष उकळले तर निष्प्रभ होते; पण ऑलिव्ह थंडच खातात. शिवाय काच फुटेल या भयाने कारखानदार बरण्या पत्र्याच्या डब्यांइतक्या तापवत नव्हते.

१३/
यानंतर जे घडले त्याला मी अन्नाच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित पराक्रम मानतो. कॅलिफोर्निया सरकार, विद्यापीठे आणि भयभीत झालेला उद्योग एकत्र आले. जे. आर. एस्टी आणि कार्ल फ्रीड्रिख मायर यांनी १९२२ साली बोट्युलिनमच्या बीजाणूंच्या मरणाचे वेळापत्रकच प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजमापांनुसार १०० अंशांवर सर्वांत चिवट बीजाणूंना संपवायला सुमारे साडेपाच तास लागतात. १२१ अंशांवर तीन मिनिटांच्या आत काम होते. दर दहा अंश वाढीला वेळ सुमारे दहापट घटतो.

त्याच सुमारास डब्याच्या ऐन मध्यभागी तापमापक खोचून आतील तापमान मोजण्याची पद्धत रूढ झाली, आणि १९२३ साली चार्ल्स ओलिन बॉल याने या दोन्ही माहितींची सांगड घालणारे गणित मांडले.

१४/
आजही कमी आंबट अन्नाच्या प्रत्येक बरणीमागे हेच गणित आहे. १२१ अंशांवर साधारण १२-१३ सेकंदांत दहातील नऊ बीजाणू मरतात. आणखी तेवढ्याच वेळात उरलेल्यांतील दहापैकी नऊ. असे बारा वेळा करायचे. प्रत्येक बरणीत आरंभी एक बीजाणू होता असे धरले, तर एक लाख कोटी बरण्यांपैकी जेमतेम एकीत तो उरेल. आणि ही मिनिटे बरणीच्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूपाशी मोजायची, पात्राच्या वाफेत नव्हे. सुरक्षिततेसाठी आणि इतर चिवट जीवाणूंसाठी प्रत्यक्षात त्याहून अधिक उष्णता देतात; माल उष्ण प्रदेशांत जायचा असेल तर आणखी अधिक, कारण चाळीस अंशांच्या गोदामात जागे होणारे काही बीजाणू थंड प्रदेशात निजूनच राहतात.

१९२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कारखान्यांची तपासणी कायद्याने बंधनकारक केली. कंपनीच्या सचोटीवर विसंबून राहू नये, तापमानाची नोंदवही पाहावी, हा विचार तेथून कायद्यात आला.

१५/
या पार्श्वभूमीवर बाळाचे अन्न बाजारात आले, हा योगायोग नव्हे. १९२१ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे हॅरल्ड क्लॅप याने आपल्या बाळासाठी केलेले भाजी-मांसाचे सार विकायला काढले. १९२७ च्या उन्हाळ्यात मिशिगनमधील फ्रीमाँट या गावी डोरोथी गर्बर आपल्या मुलीसाठी वाटाणे चाळणीतून घासत होती. तिच्या सासरच्या कुटुंबाचा डबाबंद अन्नाचा कारखाना होताच. पुढच्या वर्षी गर्बरचे वाटाणे, गाजर, पालक, आलुबुखार बाजारात आले, तेही डब्यांत. १९३१ साली बीच-नट कंपनीने बाळांचे अन्न पारदर्शक काचेच्या, निर्वात झाकणाच्या बरण्यांत आणले. आतले दिसते म्हणून आईचा विश्वास बसतो, हे धंद्याने ओळखले. पुढे बरणी हीच या अन्नाची ओळख बनली.

१६/
बरणी आज कशी तयार होते, ते थोडक्यात. लगदा गरम असतानाच भरतात. वर थोडी मोकळी जागा ठेवतात. त्या जागेत वाफेचा झोत सोडून, हवा हुसकावून, झाकण दाबतात. झाकणाच्या आतल्या कडेला मऊ थर असतो. तो उष्णतेने नरम होऊन काचेच्या तोंडावर चपखल बसतो. मग बरण्या रिटॉर्टमध्ये जातात. तापल्यावर आतला दाब झाकण उडवू पाहतो, म्हणून बाहेरून संपीडित हवेचा दाब देऊन तोल सांभाळतात. थंड करताना घाई चालत नाही. काचेला अचानक गार पाण्याचा चटका बसला तर ती तडकते. थंड झाल्यावर वाफेचे पाणी होते, आत निर्वात पोकळी उरते, आणि झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो. बरणी प्रथम उघडताना जो ‘टक्’ असा आवाज येतो, तो या पोकळीत हवा शिरल्याचा. आवाज आला नाही, किंवा झाकणाचा फुगवटा आधीच वर आलेला दिसला, तर ती बरणी निःसंकोच फेकून द्यावी.

सफरचंद, पेअर, आलुबुखार यांसारख्या फळांचे काम सोपे असते. ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या आंबट पदार्थात बोट्युलिनमचा बीजाणू उगवत नाही. तेथे १०० अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. केळ्यासारख्या कमी आंबट फळात लिंबाचा रस किंवा ‘क’ जीवनसत्त्व घातलेले दिसते, ते आंबटपणासाठी आणि रंग काळवंडू नये म्हणून. यादीत ते छापलेले असते. लपवलेले काही नाही.

१७/
ही उष्णता फुकट मिळत नाही. ‘क’ जीवनसत्त्व आणि थायमिन यांचा काही अंश नष्ट होतो. रंग उतरतो, चव सपाट होते. सर्व भाज्या शेवटी एकाच ‘शिजट’ वासाच्या लागतात. २००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की तापवलेल्या बंद अन्नांत, बाळांच्या बरण्यांतही, फ्युरान नावाचे अनिष्ट रसायन अल्प प्रमाणात तयार झालेले आढळते. म्हणून घरच्या ताज्या मऊ भाताला बरणी हा पर्याय आहे, असे मी म्हणणार नाही. घरचे अन्न चवीने, वैविध्याने आणि खिशाच्या हिशेबानेही श्रेष्ठ आहे. परंतु प्रवासात, पुरात, छावणीत, किंवा रात्रपाळी करून परतलेल्या आईच्या हाती बंद बरणी असेल, तर तिच्या मनात विषाची शंका घालणे हा अन्याय आहे.

१८/
आता खऱ्या पापांकडे.

उष्णतेने टिकवलेल्या लगद्यास मीठ लागत नाही, साखर लागत नाही. तरीही दशकानुदशके दोन्ही घातली गेली. का? बाळाची आई भरवण्यापूर्वी एक चमचा स्वतः चाखून पाहते. अळणी लागले तर पुढची बरणी विकत घेत नाही. खाणारा एक आणि पसंत करणारा दुसरा! मोनोसोडियम ग्लुटामेटही याच जिभेसाठी होते. १९६९ साली जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ते टोचले असता मेंदूला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. तो प्रयोग मानवी बाळांना किती लागू पडतो यावर वाद झाला, पण त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांनी आपल्या बाळअन्नातून ते काढून टाकले. ज्या पदार्थाचा बाळाला काहीच उपयोग नव्हता, तो मुळात तेथे होताच का, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही. मीठ आणि साखर यांना निरोप मिळायला १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

१९/
दुसरे पाप जाहिरातीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बाळाला भाज्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस, कधी त्यानंतर देत. दुकानात वर्षभर न नासणारा माल आला आणि त्याच्या खपाची घाई झाली. १९५० च्या दशकात चार-सहा आठवड्यांच्या तान्ह्यांना लगदा भरवणे सर्रास झाले. डॉक्टरांचीही त्यास साथ होती. स्तनपान मागे पडण्याच्या अनेक कारणांत याची गणना केली पाहिजे. येथे अन्नाचा टिकाऊपणाच दोषी होता, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. बरणी फळीवर वर्षभर निमूट बसू शकते. तिला उतावीळ करणारा विक्रेता असतो.

२०/
तिसरे पाप लबाडीचे, आणि तेही त्याच बीच-नटचे, जिने पारदर्शक काचेने विश्वास कमावला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे या कंपनीने बाळांसाठी ‘शंभर टक्के’ सफरचंदाचा रस म्हणून जे विकले, ते प्रत्यक्षात साखरेचे पाणी, रंग आणि स्वाद यांचे मिश्रण होते. कंपनीच्याच रसायनतज्ज्ञाने शंका घेतली होती. वरिष्ठांनी कानाडोळा केला. १९८७ साली कंपनीने न्यायालयात २१५ आरोपांबाबत दोष कबूल केला आणि २० लाख डॉलर दंड भरला.

तो नकली रस उत्तम टिकत होता. रिटॉर्ट जीवाणू मारते. खोटेपणा मारण्याची सोय तिच्यात नाही. तसेच शिसे आणि आर्सेनिक यांचे : २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीने बाळअन्नातील जड धातूंविषयी अहवाल काढला. हे धातू माती-पाण्यातून तांदळात आणि कंदमुळांत येतात, आणि १२१ अंश काय, हजार अंशांनाही दाद देत नाहीत. त्यासाठी कच्च्या मालाची तपासणी हाच उपाय.

२१/
आपल्या देशात या बरण्या फारशा रुजल्या नाहीत. आपल्याकडील बाळअन्नाचा बाजार मुख्यतः कोरड्या पिठांचा आणि भुकटीचा राहिला. पण कायदा आपल्याकडे कडक आहे. १९९२ च्या अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक अन्न अधिनियमाने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. विसाव्या क्रमांकापर्यंत जे वाचलेत, त्यावरून ही मनाई का आली हे निराळे सांगायला नको. माझा आग्रह इतकाच, की जाहिरातबंदीबरोबर कच्च्या मालाच्या तपासणीचे आकडे लोकांना पाहता यावेत. आपेरला घातलेली अट आजही घालण्याजोगी आहे.

२२/
आता ती राहिलेली गोष्ट.

जातकर्म संस्कारात नवजात बाळाला सोन्याने मध-तूप चाटवण्याचा विधी आहे. आजही अनेक घरांत बाळाच्या ओठांना मध लावतात, घुटी मधात उगाळून देतात. मध नासत नाही, तो निसर्गाचा, म्हणून निर्धास्त. मध का नासत नाही? तिसऱ्या क्रमांकात पाहिले तेच : त्यातील पाणी साखरेने बांधलेले असते. जीवाणू वाढत नाहीत, पण बीजाणू मरतही नाहीत. ते मधात उपाशी, निद्रिस्त पडून असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचा निभाव लागत नाही. परंतु काही महिन्यांच्या बाळाच्या आतड्यात इतर जीवाणूंची वस्ती पुरती बसलेली नसते. तेथे बोट्युलिनमचा बीजाणू उगवू शकतो आणि आतच विष तयार करतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात हा आजार प्रथम ओळखला गेला. बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, मान धरवत नाही, दूध ओढता येत नाही. आजार दुर्मीळ आहे, पण जिवावरचा आहे. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, असे जगभरचे वैद्यक सांगते.

ज्या बरणीवर ‘केमिकल’चा आळ येतो, तीत हा बीजाणू मारण्यासाठी एस्टी आणि मायरपासूनचे शंभर वर्षांचे मोजमाप खर्ची पडले आहे. मधाच्या बोटाला मात्र घरात कोणी हटकत नाही. संस्कार करू नये, असे माझे म्हणणे नाही. सोने ओठांना लावावे, तुपाचा थेंब दाखवावा, मंत्र म्हणावा. मधाची वाटी तेवढी वर्षभर दूर ठेवावी. घरात ज्येष्ठांपुढे हे बोलणे कठीण असते, हे जाणून आहे. त्यांना हा थ्रेड वाचून दाखवा.

२३/
जाता जाता, बरणी वापरणाऱ्यांसाठी : उघडली की तिची दोन वर्षे संपली. चमचा थेट बरणीतून बाळाच्या तोंडी नेऊन पुन्हा बरणीत घालू नये. लाळेबरोबर जीवाणू आणि विकरे आत जातात. लागेल तेवढे वाटीत काढावे, उरलेले फ्रीजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवावे. आणि घरी कुकरमध्ये बरण्या उकळून भाजीचे लगदे महिनोन् महिने साठवण्याचा उद्योग यूट्यूब पाहून करू नये. बरणीच्या मध्यभागी किती अंश किती मिनिटे होते, हे आपल्याला मोजता येत नाही. आणि सारा इतिहास त्याच एका बिंदूचा आहे.

पुढील थ्रेडमध्ये आटवलेल्या दुधाचा डबा आणि अमेरिकेतील यादवी युद्ध यांचा संबंध पाहू.